हरवलेल्या किल्लीचा प्रतिनिधी

हरवलेल्या किल्लीच्या जागी आणलेली दुसरी किल्ली बरोबर आहे, हे कशावरून ठरवायचे? कुलूप उघडले की झाले, हे उत्तर पुरत नाही. चोराने करून घेतलेली किल्लीही कुलूप उघडतेच. मूळ वस्तू नसताना तिच्या जागी काय चालते, याचा सर्वांत कसून विचार यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसा या दर्शनाने केला. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘प्रतिनिधी’ची ही चर्चा येते.

यज्ञाला व्रीही, म्हणजे साळीचे तांदूळ, सांगितले आणि ते मिळाले नाहीत, तर कर्म सोडायचे नाही. त्यांच्याशी सर्वांत जास्त साम्य असलेले नीवार, म्हणजे रानटी भात, घ्यायचे. निकष साम्याचा. कुलपाच्या बाबतीत मात्र हे साम्य वरवर पाहून कळत नाही. दाराच्या लॅचमध्ये बारीक पिना असतात आणि त्या सगळ्या एका रेषेत आल्या तरच सिलिंडर फिरतो. लिव्हरच्या कुलपात पट्टी कमी उचलली तर अडते आणि जास्त उचलली तरीही अडते. म्हणून कोऱ्या किल्लीच्या अंगावरची पन्हळ कुलपाच्या तोंडाशी जुळली, तरी काम अर्धेच झालेले असते. प्रत्येक खाचेची खोली नेमकी साधावी लागते, आणि तिथे कानशीचा एक जादा हातही नडतो.

नीवारही संपले तर? मीमांसकांचा इथला निर्णय फार मोलाचा आहे: नीवारासारखे काही शोधायचे नाही, पुन्हा व्रीहीशीच साम्य पाहायचे. किल्लीवाल्याच्या कामाचा याहून चांगला नियम सापडणे कठीण. झिजलेल्या नकलेवरून नक्कल काढली की तिची झीज नव्या किल्लीत उतरते, वर नवी चूक मिसळते. अशा दोन-तीन पिढ्यांनंतर दार अडू लागते. घरात कपाटात पडून राहिलेली, न वापरलेली मूळ किल्ली असेल तर नमुना तिचाच द्यावा. तीही नसेल तर कारखान्याने दिलेल्या क्रमांकावरून मूळ मापाची किल्ली कापून घेता येते.

पुरीच्या जगन्नाथ मंदिरात या प्रश्नाला जाहीर रूप आले. आतल्या रत्नभांडाराच्या किल्ल्या 2018 मध्ये सापडेनात. पुढे सरकारी दप्तरात डुप्लिकेट किल्ल्यांचे पाकीट मिळाले. 14 जुलै 2024 रोजी त्या किल्ल्यांनी कुलपे उघडली नाहीत आणि ती तोडावी लागली. पाकिटावरच्या शब्दाने किल्लीला प्रतिनिधित्व मिळत नाही.

पण नुसते साम्यही पुरेसे नाही. उडदासारखे यज्ञाला वर्ज्य धान्य कितीही मिळतेजुळते असले तरी मीमांसेला चालत नाही. शिवाय द्रव्याला प्रतिनिधी असतो, यजमानाला नसतो. ज्याचा संकल्प आणि ज्याला फळ, त्याच्या जागी दुसरा उभा राहू शकत नाही. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली म्हणून घर शेजाऱ्याचे होत नाही, आणि मालकाला न विचारता काढलेली नक्कल कितीही अचूक असली तरी ती वर्ज्यच. मूळ किल्ली मोडली किंवा झिजली असेल तर प्रतिनिधी पुरतो. ती कुणाच्या हाती पडली याचा पत्ता नसेल तर नक्कल काढणे चुकीचे ठरते, कारण मूळ किल्ली अजून चालतेच आहे. अशा वेळी पिनांच्या कुलपाचा सिलिंडर बदलावा आणि लिव्हरचे असेल तर बहुधा कुलूपच.