आठवण जोडताना



मागील महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका मुलाला त्याच्या मामाने पुण्याहून स्केटबोर्ड पाठविला, तोही सुट्या भागांत. आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरी एकटी आजी. म्हणून खोके घेऊन स्वारी आमच्याकडे आली. (नाव छापू नका, असे त्याने बजावले आहे.) एक फळी, तिच्याखाली बसणारे आसाचे २ सांगाडे, ४ चाके, ८ बेअरिंग आणि मूठभर नटबोल्ट. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, पाना धरायला नव्हे. तरी चर्चच्या आवारातील कोब्यावर दोघांनी बैठक मारली.

हे खेळणे मूळचे समुद्राचे. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात लाटांवरून फळीने घसरणारी मुले, समुद्र शांत असला की करमेना म्हणून, फळीला चाके लावून रस्त्यावर आली. आम्ही हे सांगताच मुलाने विचारले, "फादर, समुद्र जायकवाडीपेक्षा मोठा असतो का?" गेवराईहून समुद्र सरळ रेषेतही सुमारे ३०० किलोमीटर दूर, या प्रश्नाला हसू नये. संत ऑगस्टिनही समुद्रापासून दूर, आजच्या अल्जीरियातील तागास्ते गावी वाढले. लहानपणी पेल्यातले पाणी पाहूनही समुद्राची कल्पना करता येत असे, असे त्यांनी नेब्रिडियस या मित्राला पत्रातून कळविले आहे. जायकवाडी तर पेल्याहून पुष्कळच मोठी!

मग आम्ही आमच्या वसईच्या गोष्टी सांगितल्या. भुईगावचा किनारा, सुरूची झाडे, ओहोटीची ओली वाळू, फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, आणि आम्हाला खांद्यावर घेऊन पाण्यात शिरणारे वडील. मुलगा पाना खाली ठेवून ऐकत राहिला. म्हणाला, "पप्पा आले की मीपण जाणार."

त्या रात्री थोरल्या बहिणीशी फोनवर बोलताना हे सहज सांगितले. ती म्हणाली, "अरे, पपा कधी आले समुद्रावर? ते पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन मुंबईला जायचे. खांद्यावर घ्यायचा तो मामा."

दुसऱ्या दिवशी स्केटबोर्ड वळेना, खेकड्यासारखा तिरका सरके. पाहतो तो आसाचा एक सांगाडा उलटा बसविलेला. दोन्ही सांगाड्यांचे मोठे बोल्ट एकमेकांकडे तोंड करून हवेत. आमचा एक बाहेर पाहत होता. भाग सगळे बरोबर, नट घट्ट, आणि तरीही चूक. आमच्या आठवणीचेही तेच. समुद्र खरा, खांदा खरा, माणूस तेवढा बदललेला.

हे खोटे बोलणे झाले काय? खोटे बोलण्यावर संत ऑगस्टिनांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. खरे समजून चुकीचे सांगणारा लबाड नव्हे, लबाडाच्या मनात एक असते आणि जिभेवर दुसरे, असे ते म्हणतात. म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही सुटलो. पण फोननंतर? गप्प राहिलो असतो तर कोणाचे काय बिघडले असते? मुलगा खूश, आमच्या वडिलांचा मानही वाढलेला. हा विचार आम्ही केला, हे कबूल करतो.

पण तो मुलगा आपल्या बापाला कधीच नसलेल्या एका बापाशी ताडून पाहणार होता. त्याचा बाप फडात कोयता चालवीत होता, आमचा बाप टोपली घेऊन गाडीत उभा होता. ते कष्ट आम्ही गोष्टीतून काढून टाकले होते, आणि वडिलांना दुसऱ्याचा खांदा लावला होता. मामावरही तो अन्यायच.

४ बोल्ट काढून सांगाडा फिरवता फिरवता आम्ही त्याला सगळे सांगितले. तो काही बोलला नाही. फळीवर उभा राहून डावीकडे झुकला, फळी डावीकडे वळली. दोन फेऱ्या मारून परत आला आणि म्हणाला, "मग तुमच्या पप्पांनी समुद्र बघितलाच नाही का, फादर?"

हे आम्हाला ठाऊक नव्हते. बहिणीला विचारायचे आहे.