मन आणि जग यांची वाटणी

१६४१ साली रने देकार्तचा 'मेडिटेशन्स' हा ग्रंथ आला आणि युरोपच्या विचारात मन व जग यांची रीतसर वाटणी झाली. मन विचार करते, पण जागा व्यापत नाही. शरीर जागा व्यापते, पण विचार करत नाही. मे १६४३ मध्ये हेगला निर्वासित म्हणून राहणाऱ्या बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने देकार्तला पत्राने विचारले : जे कशालाही स्पर्श करू शकत नाही, ते मन शरीराला हलवते तरी कसे? २४ वर्षांच्या या विदुषीने नेमके वर्मावर बोट ठेवले होते. पहिल्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही. तेव्हा देकार्तने लिहिले, की मन आणि शरीर यांचे ऐक्य चिंतनातून नव्हे, रोजच्या जगण्यातून आणि गप्पागोष्टींतून उमगते. त्या साऱ्या वादातले सर्वांत मोलाचे वाक्य मला हेच वाटते.

१७१० साली आयर्लंडच्या जॉर्ज बर्कलीने वाटणीतला एक हिस्साच रद्द केला. आपल्याला कळतात त्या मनातल्या कल्पना. मग त्यांच्यामागे जडद्रव्य मानायचे कशाला? गृहीतक मान्य केले, तर या युक्तिवादातून सुटका अवघड आहे. पण ते मान्य का करायचे?

बर्कलीच्या कितीतरी आधी, ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात, बाह्य वस्तू नाकारणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचे खंडन करताना शंकराचार्यांनी हाच धागा पकडला होता. खांब किंवा भिंत पाहणाऱ्याला खांबच दिसतो, भिंतच दिसते. 'खांबाचे ज्ञान' कोणालाच दिसत नाही. जेवून तृप्त झालेल्याने 'मी जेवलोच नाही' म्हणावे, तसे बाह्य वस्तू नाकारणाऱ्याचे होते. वस्तू 'बाहेर असल्यासारख्या' भासतात असे म्हणणाऱ्यानेही 'बाहेर' आधीच मानलेले असते. जगाला अंतिम सत्य न मानणारा तत्त्वज्ञ हे सांगतो, म्हणून त्याला अधिक वजन आहे.

हा वाद जुना झालेला नाही. 'जग म्हणजे मेंदूने रंगवलेले चित्र' असे आज सर्रास म्हटले जाते. मनाच्या जागी मेंदू आला, वाटणी तीच राहिली. पाहणे हे मनात कोंडलेले चित्र नव्हे. तो माणसाचा जगाशी असलेला व्यवहार आहे. तो कधी चुकतो, पण ती चूकही पुन्हा नीट पाहूनच उमगते. म्हणून सारे जग मेंदूतच आहे असे कोणी ठासून सांगितले, तर त्याला एवढेच विचारा : तो मेंदू कुठे आहे? त्याला जगाकडेच बोट दाखवावे लागेल.