लेकरांचे शुद्धिपत्र

तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव, मुक्ताईनगरजवळची कोथळी आणि तापीकाठचे मेहूण एवढ्या लहानशा टापूत खानदेशाने निवृत्ती-ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीची स्मृती जतन केली आहे. शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, ती विजेच्या लोळात येथेच गुप्त झाली, असे परंपरा सांगते. संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले, त्यांना चार अपत्ये झाली आणि आळंदीच्या ब्रह्मवृंदाने ‘संन्याशाची पोरे’ म्हणून त्या अपत्यांना मुंजीचा अधिकार नाकारला. पुढे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरीही मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा आपण शतकानुशतके इतक्या आवडीने सांगत आलो आहोत, की तिच्या गजरात एक साधा प्रश्न ऐकूच येईनासा झाला: आईबापांचे प्रायश्चित्त पुरे झाल्यावर मुलांकडे बाकी तरी कशाची राहिली होती?

हा प्रश्न तेराव्या शतकाबरोबर संपला असता, तर तो कीर्तनकारांकडे सोपवून आपल्याला मोकळे होता आले असते. परंतु फाळणीनंतर सिंधमधून परागंदा होऊन आलेल्या कुटुंबांनी ज्या जळगाव शहरात सिंधी कॉलनी वसवली, त्याच शहरात पुढील दशकांतही सीमेपलीकडून माणसे येत राहिली, आणि पाकिस्तानी पासपोर्टावर, दीर्घ मुदतीच्या व्हिशाची मुदत वेळोवेळी वाढवून घेत, व्यापारउदीम करीत राहणारी कुटुंबे आजही तेथे आहेत. अशा एखाद्या घरात, आईबाप दोघेही परदेशी नागरिक असताना, आज मूल जन्मले, तर नगराच्या जन्म-मृत्यू दप्तरात जन्मस्थळ म्हणून जळगाव लिहिले जाते, दाखलाही रीतसर मिळतो; नागरिकत्व मात्र मिळत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने या भूमीवरील जन्म हाच, काही थोडे अपवाद वगळता, पुरेसा आधार मानला होता. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय असण्याची अट आली आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसऱ्यानेही बेकायदा स्थलांतरित नसावे, असे ठरले. याच्या उलट, ज्या संविधानाखाली हे सारे घडले, त्याच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे स्थिरावलेल्या माणसाला, त्याच्या आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म अखंड हिंदुस्थानात झाला असला तरी, नागरिक मानले होते. पूर्वजांचा पाळणा तेव्हा दार उघडण्याच्या कामी आला. आता पूर्वजांचे कागद ते लावून घेण्याच्या कामी येतात.

दुसऱ्या बाजूचे दारही सहज उघडत नाही. पाकिस्तानच्या कायद्याप्रमाणे वयाची एकवीस वर्षे पुरी झाल्यावाचून नागरिकत्वाचा त्याग करता येत नाही. त्यामुळे पासपोर्ट वकिलातीत जमा करूनही त्यागाचा दाखला हाती नाही, अशा अवस्थेत दोन बहिणींचे प्रकरण केरळ उच्च न्यायालयापुढे आले, आणि तो दाखला अपरिहार्य आहे, असा निर्णय खंडपीठाने २०२५ मध्ये दिला. एका सरकारचा कागद दुसऱ्या सरकारच्या कागदाची वाट पाहत राहतो, आणि मधल्या काळात मूल शाळा संपवून मोठे होते.

येथे कोणी कर्मसिद्धान्त पुढे करील. ज्या घरात जन्म मिळाला तो पूर्वसंचिताचा भाग, मग तक्रार कोणाकडे, असा त्याचा आशय. मला हा युक्तिवाद धार्मिक तर वाटत नाहीच, तो सोयीचा वाटतो. ज्याचे कर्म त्यालाच फळ, हे त्या सिद्धान्ताचे मर्म असेल, तर बापाने ओलांडलेल्या सीमेचा दंड मुलाकडून वसूल करणारा कायदा त्या मर्माच्या नेमका विरुद्ध आहे. शिवाय संचित हे सोसणाऱ्याने आपल्या दुःखाचा अर्थ लावताना आठवावे. कचेरीत अर्ज फेटाळणाऱ्याने ते आठवू नये. २०१९ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांना वाट करून दिली, ही अनेकांच्या दृष्टीने मोठीच सुटका होय. पण येण्याची तारीख जशी मुलाने ठरवलेली नसते, तसा आईबापांचा धर्मही त्याने निवडलेला नसतो. तेव्हा त्याच्यापुरती ही फूटपट्टी त्याच जुन्या दोषाची.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दर रविवारी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या प्रवचनांत स्वधर्म हा निवडून घ्यायचा नसून आईप्रमाणे जन्मतःच लाभतो, आणि ज्या समाजात जन्म झाला त्याची सेवा ओघानेच प्राप्त होते, असा विचार आहे. कर्तव्य जर जन्माबरोबर येत असेल, तर ज्या मातीचे कर्तव्य, त्या मातीचा अधिकार मात्र अर्ज-विनंतीने यावा, हे कसे? राज्याला सीमा हवी, नोंद हवी, आलेल्या माणसाची चौकशी करण्याचा हक्क हवा, हे सारे मला मान्य आहे. बापाची चौकशी खुशाल वर्षानुवर्षे चालो. तिच्यात मुलाला गोवण्याचे कारण नाही.

प्रत्येक बालकाला राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क मानणारा बालहक्कांचा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. राज्यविहीनतेविषयीच्या १९५४ व १९६१ च्या करारांपासून मात्र तो दूरच राहिला. तथापि उपाय आपल्याच कायद्यात आहे. कलम ५ च्या चौथ्या पोटकलमान्वये विशेष परिस्थिती असल्यास केंद्र सरकार कोणत्याही अज्ञान मुलाची नागरिक म्हणून नोंद करू शकते. आज तो सरकारच्या मर्जीचा भाग आहे. येथेच जन्मलेल्या आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व प्रत्यक्षात हाती नसलेल्या मुलाला, ठराविक वर्षांच्या रहिवासानंतर, त्या पोटकलमाखाली हक्काने मागणी करता यावी, आणि ती वर्षे मोजताना आईबापांच्या व्हिशाची मुदत मध्ये आणू नये.