बाळपणचीं गीतें आणि आपली भक्ति

मंदिरांत पेटीचा भाता हालूं लागला आणि जुन्या गीताचे पहिले सूर निघाले, म्हणजे मंडळींतील पुष्कळ वयोवृद्ध बंधुभगिनींचे डोळे भरून येतात. जें गीत शब्बाथशाळेंत पाठ केलें, जें आईबापांस मूठमाती देतांना म्हटलें, तें कानीं पडतांच गेलेला काळ व गेलेलीं माणसें समोर उभीं राहतात. हा अनुभव थोडाबहुत सर्वांस आहे. परंतु येथें एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. ह्या अश्रूंस भक्ति म्हणावें, कीं ही केवळ बाळपणाची ओढ आहे?

हा प्रश्न फार जुना आहे. उत्तर आफ्रिकेंतील बिशप आगस्तीन ह्याचा बाप्तिस्मा इ. स. 387 सालीं मिलान शहरीं झाला. त्या दिवसांत तेथील मंडळीचें गायन ऐकून तो रडत असे. पुढें आत्मचरित्र लिहितांना त्यास शंका आली कीं, आपलें मन गीताच्या अर्थानें हालतें, कीं केवळ गोड स्वरानें? स्वरच अधिक आवडला तर आपण दोषी, असें तो मानी. तरी गायनानें दुर्बळ मन वर उचललें जातें, म्हणून तें मंडळींत असावें, ह्याच मताकडे तो कलला.

झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली ह्यानें निराळी वाट धरली. तो स्वतः अनेक वाद्यें वाजविण्यांत प्रवीण होता. तरी त्याच्या काळीं तेथील मुख्य मंदिरांतला ऑर्गन बंद झाला, व 1527 सालीं तो मोडून काढण्यांत आला. संगीताची मोहिनी ज्यास ठाऊक नाहीं अशा मनुष्याची ही भीति नव्हती, म्हणून ती हंसण्यावारी नेऊं नये. परंतु 1598 सालीं झुरिकच्या उपासनेंत गायन पुन्हां सुरू झालें. स्वर हांकलून दिल्यानें अंतःकरण शुद्ध होतेंच असें नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) ह्यांच्या बाळपणांत ख्रिस्ती मंदिर नव्हतें, ऑर्गनही नव्हता. 1895 सालीं मुंबईंत बाप्तिस्मा झाला तेव्हां त्यांचें वय 33 वर्षांचें होतें. मंडळ्यांत त्या वेळीं पुष्कळ गीतें विलायती चालींवर म्हणत, आणि मंडळींत वाढलेल्या मुलांस त्याच चाली घरच्या वाटत. टिळकांच्या अंतःकरणांत मात्र ओवी आणि अभंग होते. त्यांनीं ती ठेव टाकून दिली नाहीं. अभंग आणि कीर्तन हीं त्यांनीं ख्रिस्ताच्या सेवेस लाविलीं. ह्यावरून काय दिसतें? कोणतीही चाल स्वतः पवित्र नाहीं आणि अपवित्रही नाहीं. बाळपणची आठवण धान्याच्या पेंवासारखी आहे. पेंवांत काय सांठविलें, आणि तें काढून कोणाची भूक भागविली, ह्यावरच तिचें मोल.

वाचकहो, पेटींत भात्यानें वारा भरला म्हणजे पितळेची पाती थरथरते व सूर निघतो. भाता थांबला कीं सूरही थांबतो. आठवणीचे अश्रू असेच आहेत. म्हणून सूर थांबल्यावर काय उरतें, हें पाहावें. आमोस संदेष्ट्याच्या पांचव्या अध्यायांत, जेथें न्याय नाहीं तेथलीं गीतें देवास नकोत, असें सांगितलें आहे. क्षमेचें गीत गातांना ज्याचा कंठ दाटून येतो, परंतु शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशीं ज्याचें बोलणें बंद आहे, त्यानें आपल्या अश्रूंस भक्ति म्हणूं नये. तसेंच, जुनी चाल मोडली म्हणून जो तरुणांवर संतापतो, तो देवाची नव्हे, आपल्या बाळपणाची उपासना करीत असतो.

तथापि ही ओढ तुच्छ नाहीं. आपल्या वाडवडिलांपैकीं पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. त्यांनीं शास्त्र कंठांत सांठविलें तें गीतांनीं. आजही वृद्धपणच्या रोगानें ज्यांस पोटच्या मुलांचीं नांवें आठवत नाहींत, अशांपैकीं कित्येक लहानपणचें गीत म्हणूं शकतात. सारें हातचें गेलें तरी जें उरतें, तें कोणी तरी आपणांस बाळपणीं दिलेलें असतें. तर मग ती आठवण भक्ति नव्हे, भक्तीस घातलेली हांक होय. ऐकून उठणें हें आपलें काम आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस विनंति ही कीं, मुलांस गीत शिकवितांना चालीबरोबर प्रत्येक कडव्याचा अर्थही सांगावा. त्या मुलांपैकीं एखादें साठ वर्षांनीं अंथरुणास खिळून तेंच गीत गुणगुणेल. त्या वेळीं तुम्ही जवळ नसाल. तुम्ही समजावून दिलेला अर्थ मात्र त्याच्या सोबतीस असेल.