किंमत आणि मोल

सार्वजनिक धोरण ठरवितांना अर्थशास्त्रज्ञाचें मत घ्यावें, हें आतां सर्वमान्य झालें आहे. समाजशास्त्रज्ञास मात्र बहुधा काम उरकल्यावर, झालेली हानि मोजण्यासाठीं बोलावितात. हा क्रम न्याय्य आहे काय?

कोयनेचें उदाहरण घेऊं. त्या धरणानें महाराष्ट्रास वीज दिली. जमाखर्चाच्या वहींत तो व्यवहार फायद्याचाच ठरेल. तेथून उठविलेल्या लोकांची इरावती कर्वे व जाई निंबकर यांनीं केलेली पाहणी १९६९ सालीं डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केली. धरण त्यापूर्वींच उभें राहिलें होतें. पाहणी आधीं झाली असती तर धरण बांधूं नये असें ठरलें असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जमिनीला बाजारभाव असल्यामुळें तिचा मोबदला ठरवितां येतो. अडीनडीला धावणारी भावकी, लेकी दिलेलीं आसपासचीं गांवें, पेरणीच्या वेळीं मागून आणलेला बैल, ग्रामदैवताची जत्रा, यांना बाजार नाहीं. म्हणून हिशेबांत त्यांच्या नांवें शून्य पडतें. जें मोजतां येत नाहीं तें नाहींच असें समजणें, हा शास्त्राचा नव्हे, आळसाचा निष्कर्ष होय.

पुढें १९७६ सालीं महाराष्ट्रानें प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. तरीहि १९८८ सालीं पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या विस्थापितांस हक्कांसाठीं वर्षानुवर्षे झगडावें लागलें. आम्हां नंदनवनच्या रहिवाशांस हें परक्याचें दुःख म्हणून सोडतां येत नाहीं. आमच्या शहराचें सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानेस व कन्हान वैनगंगेस मिळते, आणि तें पाणी त्याच जलाशयांत जाऊन पडतें.

यावर कोणी म्हणेल, समाजशास्त्रज्ञाचें ऐकाल तर तो रूढीचाच वकील होईल. हा आक्षेप पोकळ नाहीं. ज्या गांवपणाचा आम्ही गौरव केला त्यांतच जातीची वेसहि असते. परंतु ती वेस दाखविली कोणीं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१६ सालीं जातिसंस्थेची मीमांसा केली आणि १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. दोन्ही शास्त्रें एकाच बुद्धींत नांदत होतीं. म्हणूनच जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हें ते १९३६ सालीं ठामपणें मांडूं शकले. केवळ उत्पादनाकडे पाहणाऱ्यास तींत सोयच दिसली असती.

तेव्हां दोघांसहि निर्णयापूर्वीं एकाच बैठकीस बसवावें, हें आमचें मत. किती मिळेल तें एक सांगेल, कोणाचें काय जाईल तें दुसरा सांगेल. मात्र एकाच्या लाभासाठीं दुसऱ्यानें किती सोसावें, याचें उत्तर कोणत्याहि शास्त्राच्या पोथींत नाहीं. तें लाभ घेणाऱ्या आपण सर्वांनीं, सोसणाऱ्यास समोर बसवून, द्यावयाचें आहे.