राजा म्हणून की पंडित म्हणून?



तुमचाही एखादा पुतण्या, भाची पुण्या-संभाजीनगरात शिकत असेल. आठवडाभर लेक्चर, प्रॅक्टिकल, मेसचा डबा; शनिवारी एसटीने गावी. गाव शांत. तिथे एकच प्रश्न, "अभ्यास कसा चाललाय?" उत्तरही एकच, "बरा." माझ्या पुतण्याचे दोन विषय राहिले होते, हे मला वर्षभर कळले नाही. मी फोनवर फक्त टक्के विचारायचो.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद चर्चेला बोलावतो, तेव्हा भन्ते नागसेन विचारतात, पंडित म्हणून बोलणार की राजा म्हणून? पंडित चूक दाखवली तरी रागावत नाहीत, ती मान्य करतात. राजाला मात्र विरोध केला की दंड होतो. मिलिंद पंडित म्हणून बोलायला तयार झाला. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे याच राजाचे नाव मिळाले, आणि परिसर नागसेनवन झाला. खेड्यापाड्यांतून आलेली आपली किती मुले तिथे घडली!

फी पाठवणारा काका राजाच असतो, तोही डॉलरमधला. म्हणून या रविवारी टक्के विचारू नका. काय समजत नाही, ते विचारा. मी विचारले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "काका, एम-थ्री काहीच कळत नाही. गावी कुणाला विचारू?"

आता माझी सकाळ, त्याची संध्याकाळ, आम्ही व्हिडिओ कॉलवर बसतो. गेल्या रविवारी एक गणित मलाच सुटले नाही. तसे सांगितले, तर तो कितीतरी दिवसांनी हसला.