देखरेखीखालचें औषध

क्षयरोग्यानें दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळी गिळावी, हा नियम सरकारनें १९९७ पासून क्रमाक्रमानें लागू केला व २००६ पर्यंत त्यानें सारा देश व्यापला. त्याचें यश मोजावयाचें तें शेंकडा किती रोगी बरे झाले यावरून. ध्येय ८५ चें होतें. देखरेखीस अविश्वास म्हणणें आम्हांस पटत नाहीं. औषध अर्धवट सुटलें कीं जंतु त्यास दाद देत नाहींत, आणि तोच हट्टी रोग शेजाऱ्यास जडतो.

परंतु गोंदिया जिल्ह्यांत सालेकसा-देवरीकडील मजुरानें ऐन तेंदुपत्त्याच्या हंगामांत दवाखाना गांठावा, अशी अपेक्षा करणाऱ्यानें त्याच्या बुडालेल्या मजुरीचाही हिशेब ठेवावा. पोषणासाठीं दरमहा ५०० रुपये मिळूं लागले तेच मुळीं २०१८ मध्यें. उपचार निदान सहा महिन्यांचा. खोकला त्याच्या कितीतरी आधीं थांबतो. मग गोळी सोडणाऱ्यास आम्ही बेफिकीर ठरवितों. (ताप उतरतांच आमच्या घरची बाटली कपाटांत जाते, तें निराळें!)

८५ बरे झाले, तर उरलेल्या पंधरांत मेलेले किती, वाटेंत सुटलेले किती? कार्यक्रमाची पारख करणाऱ्यानें प्रथम त्यांच्या घरीं जावें आणि गोळी देणारा त्या दारीं कितीदां आला होता, तें विचारावें.